सोबत्याची साक्ष

घरात काही विपरीत घडलं की पहिलं बोट सुनेकडे वळतं. वाचकहो, ही खोड कुण्या एका मुलखाची नाही. आमच्या ताश्कंदच्या देशातल्या, कुंभारांच्या रिश्तान गावातही करोनाच्या त्या उन्हाळ्यात तेच चाललं होतं. कसबी कुंभार म्हणून 'उस्ता' म्हणवणाऱ्या महकाम यांच्या अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली शेजारणी जमल्या होत्या आणि चहाबरोबर सूनही चघळली जात होती.

"पांढऱ्या पायाची निघाली हो तुमची मुनिसा," पलीकडच्या घरची ताजिखान म्हणाली. "आली तेव्हापासून घराला काही धड नाही. आणि आता हे! आठव्या महिन्यात पोट फाडून काढलेलं पोर, मुठीएवढं. आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

"तुझ्या वेळी काय काय नव्हतं ते मला विचार," सासूबाई रोबिया म्हणाल्या. पण त्यांच्या बोलण्याला रोजची धार नव्हती.

रोबियाबाई अख्ख्या मोहल्ल्यात चौकस म्हणून प्रसिद्ध. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते झाकण उचलून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरात नवं यंत्र आलं की त्या आधी ते उघडून बघणार, मगच वापरणार. विजेची तार दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा इतके प्रश्न विचारले, की तो काम अर्धवट टाकून पळाला, असं उस्ता महकाम सगळ्यांना सांगत. अशी ही बाई. पण त्या उन्हाळ्यात एका गोष्टीवर त्यांनी स्वतःच झाकण ठेवलं होतं आणि ते उचलण्याची त्यांची छाती होत नव्हती.

झालं होतं असं. उस्ता महकामना त्रेसष्ट वर्षं पूर्ण झाली. पैगंबरांनी या वयात जगाचा निरोप घेतला, म्हणून त्रेसष्टी गाठलेल्या माणसाने गावाला पुलाव घालायचा ही आमच्याकडची रीत. पोराची सुंता पुढे ढकलता येते, लग्न पुढे ढकलता येतं, पण त्रेसष्टी कशी ढकलणार? वर्षभर थांबलं तर चौसष्ट होतात! करोनामुळे मोठ्या जेवणावळींना बंदी होती. "मोठी कुठे करतोय? घरचीच माणसं," असं म्हणत रोबियाबाईंनी घरची माणसं बोलावली. आता आमच्याकडे घरची माणसं शंभराच्या खाली नसतात, हे सरकारला कोण सांगणार!

पुरुषमंडळी सकाळी पुलाव खाऊन गेली. बायकांची बैठक मात्र उन्हं कलेपर्यंत रंगली. सातवा महिना लागलेली मुनिसा नव्या सुनेच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीपुढे वाकून सलाम करत, चहा ओतत दिवसभर उभी होती. कोकंदहून आलेली उस्तांची बहीण मधूनमधून खोकत होती. "धुळीचा खोकला आहे गं," असं म्हणून तिने मुनिसाचे गाल धरले आणि दोन्ही गालांचे मुके घेतले.

आठवडा उलटला नाही तोच मुनिसाला ताप भरला. अंग मोडून आलं. तशातही ती चुलीपाशी उभी राहिली आणि तिने शोरब्यात दोनदा मीठ घातलं, कारण तिला चवच लागत नव्हती. "माहेरी मिठाची खाण सापडली का गं?" असा टोमणा रोबियाबाईंनी मारला. सगळे हसले. पण चौकस बाईला कळायचं ते कळलं होतं. चव जाणं म्हणजे काय, हे त्या उन्हाळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बोभाटा झाला तर? उस्ता महकामनी पुलाव नाही, रोग वाढला असं गाव म्हणेल! म्हणून त्यांनी सुनेला कोपऱ्यातल्या खोलीत निजवलं, रोग पळवणाऱ्या हरमलच्या झुडपाची धुरी दिली आणि बजावलं, "कुणापाशी एक अक्षर बोलायचं नाही." गरोदर बायकांची विचारपूस करणारी दवाखान्याची नर्स दारात आली, तर तिला "माहेरी गेलीय" असं सांगून वाटेला लावलं.

ताप उतरला. रोबियाबाईंचा जीव भांड्यात पडला. मग एका सकाळी मुनिसा हळूच म्हणाली, "आई, बाळ हल्ली गप्प गप्प असतं."

"बापावर गेलं असेल. सोबिरही पोटात असा झोपाळूच होता," रोबियाबाई म्हणाल्या. "गुणाचं आहे म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी मुनिसाने पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी ती नानसाठी पीठ मळत बसली होती. मळता मळता थांबली. पिठाचे हात तसेच घेऊन अंगणात आली आणि सासूसासऱ्यांदेखत, शेजारपाजाऱ्यांदेखत नवऱ्याला नावाने हाक मारली. "सोबिर! मला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने!"

नव्या सुनेने मोठ्यांच्या समोर नवऱ्याचं नाव घेतलं! ताजिखानच्या हातातला चहा हिंदकळला. सोबिरने मात्र एक शब्द न विचारता गाडी काढली.

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकले आणि मुनिसाला थेट शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं. मुलगी झाली. ती रडली नाही. रंग राखेसारखा पडलेला होता. तिला काचेच्या पेटीत ठेवून नळीने प्राणवायू द्यायला लागले. जगेल का, हे कुणी छातीठोकपणे सांगेना. इकडे कोकंदहून नणंदेचा फोन आला. "पोर गेली तर सुनेला बुवायदाला माहेरी धाडून द्या. अशी उद्धट आणि अपशकुनी बाई घरात कशाला?" रोबियाबाईंनी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शेजारणींसमोरही त्या अशाच बसून राहिल्या होत्या.

"ते राहू दे," अखेर ताजिखान म्हणाली. "सोबती आणलात की नाही अजून? तो तिथेच राहिला तर पोर त्याच्या मागे जाईल हो!"

बाळापाठोपाठ जी वार पडते, तिला आम्ही सोबती म्हणतो. बाळाबरोबर आत राहिला, बाळाबरोबर बाहेर आला, म्हणून सोबती. त्याला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, कुत्र्यामांजराचा पाय लागणार नाही अशा जागी पुरायचं. उस्तांच्या घरात तर त्यासाठी नवं कोरं मडकं लागे. आजवर मोहल्ल्यातल्या कितीतरी बाळांचे सोबती रोबियाबाईंच्या हातून मातीत गेले होते, आणि स्वतःच्या नातीचा मात्र राहून गेला होता. त्या ताडकन उठल्या, फडकं आणि मडकं घेतलं आणि इस्पितळाची वाट धरली.

वॉर्डातल्या बाईने हात झटकले. "तो इथे नाही. मागच्या इमारतीत, प्रयोगशाळेत पाठवलाय."

मागच्या इमारतीच्या पायरीवर एक उंच, किडकिडीत बाई मुखपट्टी हनुवटीवर ओढून चहा पीत बसली होती. याच डॉक्टर साबोहत एर्गाशेव्ना. माणसाच्या शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखायचा, हे यांचं काम. चाळीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या, आणि तरी दर सकाळी नवं काहीतरी सापडेल अशा हुरूपाने येत.

"आमचा सोबती द्या," रोबियाबाई म्हणाल्या.

"देईन की. तपासून झाला की देईन. नमुन्यापुरते तुकडे मी ठेवणार, बाकीचा तुमचा."

"म्हणजे कापणार? माझ्या नातीचा सोबती कापणार? ती तिकडे काचेत तडफडतेय आणि तुम्ही इकडे त्याला चिरत बसणार? तुम्हाला काही जनाची मनाची?"

"मीही याच मुलखातली आहे हो, ताई. माझा स्वतःचा आजीने तुतीखाली पुरलाय. तुती अजून गोड लागते." डॉक्टरबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. "पण मला एक सांगा. इतके महिने ज्यानं पोरीला खाऊपिऊ घातलं, तो घरी परतला, तर त्याला एका शब्दानं विचारणार नाही का, की बाबा रे, वाटेत काय काय झालं? तसंच मातीत घालणार?"

रोबियाबाई थबकल्या. राग होता तसाच होता, पण त्याच्या शेजारी त्यांची जुनी खोड हळूच येऊन बसली. "आणि तो सांगतो?"

"सगळं सांगतो. ऐकणारा पाहिजे."

"मग मीही येणार ऐकायला."

साबोहतबाई हसल्या. "घेरी येऊन पडलात तर उचलायला इथे कुणी नाही."

"मी नाही पडायची. तुम्ही तुमचं बघा."

तोंडाला मुखपट्टी, हातात रबरी मोजे आणि गुडघ्यापर्यंतचा झगा अशा थाटात रोबियाबाई आत गेल्या. टेबलावर दोन पत्र्याच्या थाळ्या होत्या. एकीत त्याच सकाळी झालेल्या एका धट्ट्याकट्ट्या मुलाचा सोबती होता. तो रोबियाबाईंच्या ओळखीचा होता; गडद लाल, मऊ, ओलसर, ताज्या काळजासारखा. दुसऱ्या थाळीतला पाहून मात्र त्यांनी डोळे बारीक केले.

"हा आमचा?"

"हा तुमचा. बोट लावून बघा."

रोबियाबाईंनी बोट दाबलं. बोट रुतेना. सोबती लहानखुरा होता, कडक होता, आणि जिथे लाल असायला हवं तिथे ठिकठिकाणी पिवळट-पांढरा पडला होता.

"अगं बाई! हा तर भट्टीतून काढल्यासारखा झालाय! याला काय झालं?"

"आता कसं!" डॉक्टरबाई खूश झाल्या. "ताई, तुम्ही कुंभाराच्या घरच्या ना? पिण्याच्या पाण्याच्या घड्याला झिलई देता का?"

"आता हा काय प्रश्न झाला! घड्याला कोण झिलई देईल? झिलई दिली तर पाणी पाझरणार कसं, आणि पाझरलं नाही तर गार होणार कसं?"

"बघा, अर्धी गोष्ट तुम्हीच सांगितलीत." डॉक्टरबाईंनी सुरीच्या टोकाने कापलेली कड उघडून दाखवली. "आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नसतं."

"नसतं? आम्ही तर समजत होतो, एकच असतं!"

"दोन वेगळी रक्तं. मध्ये हे बारीक बारीक झुबके. झुबक्यांच्या आत बाळाचं रक्त, बाहेर आईचं. आईचं रक्त यांच्याभोवती सतत खेळतं आणि त्यातला प्राणवायू, अन्न, सगळं पाझरून बाळाकडे जातं. या धट्ट्याकट्ट्या पोराच्या थाळीत बघा, झुबके मोकळे आहेत. आणि तुमच्या सोबत्यात? रक्त गोठताना जे चिवट धागे बनतात ना, त्यांनी मधली जागाच चोंदून गेलीय. रक्ताला फिरायला वाट नाही."

"म्हणजे घड्याला झिलई बसली," रोबियाबाई पुटपुटल्या.

"अगदी बरोबर!"

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. हे किती दिवसांत होतं? आईला दुखतं का? पोट वरून दाबलं तर कळतं का? डॉक्टरबाई एकेकाचं उत्तर देत होत्या आणि त्यांचा थकवा कुठल्या कुठे पळाला होता. इतक्या वर्षांत सोबत्याकडे पाहून नाक मुरडणारे पुष्कळ भेटले होते, पण थाळीवर ओणवून "हा झुबका की तो?" असं विचारणारी सासू पहिलीच होती.

"पण मग पोर जगली कशी?" रोबियाबाईंनी विचारलं.

"पोर हुशार! हवा कमी पडायला लागली की पोटातलं बाळ हातपाय हलवणं कमी करतं. असेल तेवढा प्राणवायू काळजाला आणि मेंदूला पुरवून वापरतं. म्हणून ते गप्प होतं."

रोबियाबाईंचा हात थाळीच्या काठावरच राहिला. "गप्प म्हणजे... गुणाचं नव्हे?"

"पोटातलं बाळ गप्प झालं म्हणजे ते मदत मागतंय, ताई. तुमच्या सुनेनं ते ओळखलं आणि ती आली. अजून एखादा दिवस गेला असता, तर तुम्ही सोबत्याबरोबर बाळालाही पुरायला नेलं असतं."

रोबियाबाईंनी थाळी हळूच स्वतःकडे ओढून घेतली. मग त्यांनी विचारलं, "हे होतं कशानं?"

"कारणं दोन-चार आहेत. काही बायकांच्या अंगातच रक्त गोठण्याचा किंवा तसलाच दोष असतो. तो असला तर पुढच्या बाळाच्या वेळीही हेच होण्याची भीती. दुसरं म्हणजे करोना. गरोदरपणात तो झाला तरी बहुतेक बायकांची बाळं ठणठणीत जन्मतात, उगाच कुणी घाबरू नये. पण थोड्याजणींच्या सोबत्याची तो अशी दशा करतो. आणि आईचा ताप जबर असायला पाहिजे असंही नाही. साधा येऊन गेलेला पुरतो."

"मग पोरीलाही तो रोग झाला?" रोबियाबाईंनी घाईने विचारलं.

"नाही. तिची तपासणी झाली, काही सापडलं नाही. बहुधा रोग सोबत्यापाशीच अडतो. दारावरचा राखणदार जायबंदी होतो पण चोराला आत सोडत नाही. फक्त राखणदारच आडवा झाला, तर आतल्या लेकराला दाणापाणी कोण देणार?" साबोहतबाईंनी मोजे काढले आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. "आता तुमचे प्रश्न झाले, माझा एकच आहे. सुनेनं दवाखान्यात सांगितलंय की ताप वगैरे काही आला नव्हता. हे खरं का?"

झालं! ज्या झाकणाला त्या इतके दिवस हात लावत नव्हत्या, नेमकं तेच समोर आलं. मुनिसाने सासूचा शब्द पाळला होता. पोट कापलं गेलं, बाळ काचेत गेलं, तरी पाळला होता!

"ताप नव्हता असं धरलं तर?" रोबियाबाईंनी सावधपणे विचारलं.

"तर मला तिच्या अंगातला दोष शोधावा लागेल. रक्ताच्या तपासण्या, औषधं, आणि पुढचं मूल होऊ द्यायचं की नाही इथपर्यंत विचार. ताश्कंदला नमुना पाठवलाय, खरं काय ते तिकडून कळेलच, पण त्याला वेळ लागतो. बाळाचे डॉक्टर तर आज विचारतायत, कुठल्या दिशेनं बघू म्हणून."

वाचकहो, माणसाची परीक्षा अशाच वेळी होते. रोबियाबाईंनी नुसतं "नव्हता" म्हटलं असतं, तर निदान काही आठवडे तरी ताजिखानचं बोलणं डॉक्टरच्या तोंडून खरं ठरलं असतं. दोष सुनेचा! त्रेसष्टीचा पुलाव शाबूत, उस्तांची अब्रू शाबूत. ताश्कंदचं उत्तर येईपर्यंत सून बुवायदाला पोचलीही असती. आणि मग त्यांची नजर पुन्हा त्या थाळीकडे गेली. तिथे ते कडक, पांढुरकं, झिजून गेलेलं मांस पडलं होतं. त्याने आपलं काम शेवटपर्यंत केलं होतं आणि घरातल्या माणसांत तसं ते एकट्या मुनिसानेच केलं होतं.

"होता!" रोबियाबाई एकदम म्हणाल्या. "होता हो ताप! चव गेली होती, अंग दुखत होतं, सगळं होतं! मीच लपवलं. मीच नर्सला दारातून हाकललं. माझ्या नवऱ्याला त्रेसष्ट वर्षं झाली, यात त्या पोरीचा काय गुन्हा?" आणि त्या पांढरं फडकं तोंडाला लावून हुंदके देऊन रडल्या.

साबोहतबाईंनी त्यांना रडू दिलं. मग आधी फोन उचलून बाळाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि नंतर त्यांच्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही दुष्टपणानं लपवलं नाहीत. लाजेपायी लपवलंत. हे मी रोज बघते. पण रोगाला ना लाज ना अब्रू. त्याला त्रेसष्टी कळत नाही आणि सासू-सून कळत नाही. आपणच त्याला अब्रूच्या पडद्याआड लपायला जागा करून देतो."

"पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर हे टळलं असतं?"

"खोटं कशाला बोलू? कदाचित सोबत्याचं हेच झालं असतं. पण आम्ही लक्ष ठेवलं असतं. बाळ मंदावल्याबरोबर तिला आत घेतलं असतं. तीन दिवस त्या बाळानं गुदमरत काढले, ते तरी वाचले असते. आणि त्याआधी, लस घ्यायची का, कधी घ्यायची, हे विचारायला तुम्ही तिला एकदा तरी आणलं होतंत का?"

रोबियाबाईंनी नकारार्थी मान हलवली. साबोहतबाईंनी नमुन्याचे तुकडे ठेवून बाकीचा सोबती दिला, तो मडक्यात घेऊन रोबियाबाई बाळंतिणींच्या इमारतीकडे निघाल्या.

बाळंतिणींना भेटायची मनाई होती. पण तळमजल्याच्या खिडक्या उघड्या असत आणि सगळं रिश्तान तिथूनच बोलत असे. मुनिसा खिडकीशी आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. सासू दिसताच तिने सवयीने मान खाली घातली.

"मान वर कर," रोबियाबाई म्हणाल्या. "मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. ताप, पुलाव, नर्स, सगळं. चूक माझी आहे, पोरी."

मुनिसाला क्षणभर खरंच वाटेना. मग ती म्हणाली, "माझंही चुकलं, आई. मी मोठ्यानं सांगायला हवं होतं."

"तू सांगितलं होतंस. दोनदा सांगितलंस. मीच कान बंद करून बसले होते."

मुनिसाने खिडकीचे गज धरले. या वेळी तिची नजर सरळ होती. "मग आई, हे मला नका सांगू. मला ठाऊकच होतं. हे अंगणात सांगा."

सुनेच्या तोंडून असं बोलणं रोबियाबाईंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी ऐकलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसती मान डोलावली.

अंगणात बायका तशाच बसल्या होत्या. उस्ता महकाम चाकावरून उठून हात पुसत आले होते. रोबियाबाईंनी सोबत्याचं मडकं खाली ठेवलं आणि बसल्यासुद्धा नाहीत.

"ऐका सगळ्याजणी. माझ्या सुनेचा पाय पांढरा नाही. तिला करोना झाला, तो आपल्या पुलावात झाला. तो मी लपवला. त्या रोगानं पोरीच्या सोबत्याचा घट्ट दगड केला, मी माझ्या बोटानं दाबून बघितलंय! पोर आत गुदमरत होती आणि मी म्हणत होते, गुणाची आहे. ज्या हाकेला तुम्ही उद्धटपणा म्हणता ना, त्या हाकेनं माझी नात आज श्वास घेतेय!"

बायकांनी चहाचे पेले खाली ठेवले. सगळ्यांच्या नजरा उस्तांकडे गेल्या. त्रेसष्टी त्यांची होती. उस्तांनी बोटांवरचा उरलासुरला चिखल चोळून काढला.

"पैगंबरांच्या वयाला पोचलो म्हणून पुलाव घातला," ते म्हणाले. "अक्कल काही पोचली नाही. ज्यांना ज्यांना जेवू घातलं, त्यांच्या दारी मीच जातो आणि सांगतो." त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि खरोखरच बाहेर पडले.

बायका हळूहळू उठू लागल्या. ताजिखान मात्र उठेना. एरवी जिच्या जिभेला हाड नसे, ती डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाशी चाळा करत बसली होती. सगळ्या गेल्यावर ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "रोबिया... आमच्या सुनेला, झुल्फियाला परवापासून ताप आहे. पाचवा महिना. मी म्हटलं, कशाला उगाच गवगवा..."

"अगं, मग इथे बसून माझ्या सुनेचे पाय काय बघतेस!" रोबियाबाई ओरडल्या. "ऊठ! सोबिर, गाडी काढ! आणि ताजिखान, दवाखान्यात तू बोलायचं नाहीस. झुल्फियाला बोलू द्यायचं!"

झुल्फियाचा ताप करोनाचाच निघाला. पण तो पहिल्या दिवसांतच कळला होता. डॉक्टरांनी तिच्यावर आणि बाळावर नजर ठेवली, आणि दिवस भरल्यावर तिला सव्वातीन किलोचा, घर दणाणून सोडणारा मुलगा झाला. मुनिसाच्या मुलीला मात्र झगडावं लागलं. खरबुजांचा हंगाम सरत आला तेव्हा तिची नळी निघाली, आणि मुनिसा तिला छातीशी धरून घरी आली. तोवर ताश्कंदहून उत्तरही आलं होतं. सोबत्यात करोनाच सापडला होता. मुनिसाच्या अंगात कसलाही दोष नव्हता. मुलीचं नाव ठेवलं तुर्सुनॉय. आमच्या भाषेत त्याचा अर्थ होतो, 'राहो ही चंद्रकोर.'

आजही मोहल्ल्यात कुणाला दिवस गेले की बायका रोबियाबाईंकडे येतात आणि विचारतात, "काय खाऊ घालावं? काय टाळावं?" रोबियाबाई आधी विचारतात, "सून काय म्हणते?" सासूला ते ठाऊक नसलं, तर तिला दारातूनच परत पाठवतात. "आधी तिला विचारून ये, मग माझ्याकडे ये."

वाचकहो, गरोदर बाईचा ताप ही घराच्या अब्रूची गोष्ट नसते, डॉक्टरला सांगायची गोष्ट असते. पोटातलं बाळ नेहमीपेक्षा कमी हलत असेल, तर उद्याची वाट पाहायची नसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की आपल्या घरांत गप्प बसणाऱ्या सुनेला गुणी आणि बोलणाऱ्या सुनेला उद्धट म्हणायची जी रीत पडली आहे, ती आता मोडायला हवी. बाळाला काय होतंय हे सगळ्यांत आधी त्याच्या आईला कळतं. ती सांगेल तेव्हा ऐकणारं माणूस घरात असलं पाहिजे!